प्रिंटर उत्तर का देत नाही?

दहावीची परीक्षा जवळ आली की शाळेच्या कार्यालयात प्रवेशपत्रांची गडबड सुरू होते. पूर्वी मंडळाकडून छापील प्रवेशपत्रे शाळेत येत. आता ती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून शाळेनेच छापायची, त्यांवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्यायचा आणि मुलांच्या हाती द्यायची अशी पद्धत आहे. म्हणजे एका यंत्रावर सारी भिस्त आली. नेमके त्याच दिवशी संगणकाच्या पडद्यावर 'प्रिंटर ऑफलाइन' अशी अक्षरे उमटतात. प्रिंटरचा दिवा तर हिरवा आहे, कागद भरलेला आहे, शाई आहे. मग अडले कुठे?

पुण्या-मुंबईत दुरुस्ती करणारा माणूस तासाभरात येतो. धाराशिव जिल्ह्यातील तेरसारख्या गावात तसे नसते. जिल्ह्याचे ठिकाण वीसएक किलोमीटरवर. माणूस येणार उद्या किंवा परवा, आणि येण्याचे पैसेही घेणार. तोवर लिपिक बोलणी खातात, प्रिंटरला 'जुना झाला' असे म्हणून नवा मागवण्याचा ठराव होतो, आणि नवा प्रिंटरही महिन्याभरात तसाच रुसून बसतो. याचे कारण असे की अशा वेळी बिघाड बहुधा प्रिंटरमध्ये नसतोच. तो संगणक आणि प्रिंटर यांच्या मधल्या वाटेवर असतो. ही वाट समजून घेतली तर शिक्षकांना आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा अर्ध्या तासात दोष सापडू शकतो. शिवाय दोष शोधण्याची ही रीत विज्ञानाचीच रीत आहे, त्यामुळे ती वर्गात शिकवण्याजोगी आहे.

आठ कड्यांची साखळी

'छापा' या बटणावर टिचकी मारल्यापासून कागद बाहेर येईपर्यंत काय काय घडते ते क्रमाने पाहू. (१) आपण ज्या कार्यक्रमात काम करत असतो तो मजकुराचे पान तयार करतो. (२) ड्रायव्हर नावाचा दुभाषी त्या पानाचे प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करतो. (३) रूपांतरित पान संगणकातील एका रांगेत जाऊन उभे राहते. (४) रांगेतून पान बाहेर पडताना त्यावर प्रिंटरचा पत्ता चढवला जातो. हा पत्ता संगणकाने 'पोर्ट' या नावाखाली लिहून ठेवलेला असतो. (५) संगणक ते वायफायने किंवा तारेने बाहेर पाठवतो. (६) राउटर नावाची पेटी ते घेते आणि योग्य दिशेला सोडते. (७) प्रिंटर आपल्या वायफायने किंवा तारेने ते उचलतो. (८) प्रिंटरमधले यंत्र ते कागदावर उतरवते.

या आठांपैकी कोणतीही एक कडी तुटली तरी आपल्याला बाहेरून दिसणारा परिणाम एकच: कागद येत नाही. लक्षण एक, कारणे अनेक, अशी ही स्थिती आहे. ताप पाहून मलेरिया की विषमज्वर हे सांगता येत नाही, रक्त तपासावे लागते. तसेच इथे आहे.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करू. भारतनेट प्रकल्पातून ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल तंतू आले आणि खेड्यातील शाळांनाही इंटरनेट मिळू लागले. रस्त्याच्या कामात हा तंतू तुटला की 'नेट गेले, आता प्रिंट कशी निघणार?' असे सहज म्हटले जाते. पण वरच्या आठ कड्यांत इंटरनेट कुठेही नाही! संगणक, राउटर आणि प्रिंटर या तिघांचे जाळे शाळेच्या चार भिंतींच्या आत असते. गावाबाहेरचा रस्ता बंद असला तरी गल्लीतल्या गल्लीत निरोप पोचतो. राउटरला वीज आहे तोवर, इंटरनेट बंद असतानाही, संगणकात आधीच असलेले पान छापता आले पाहिजे. उलट मोबाइलवर इंटरनेट छान चालते म्हणून प्रिंटरची वाटही ठीक असेल, असेही समजू नये. मोबाइल कदाचित शाळेच्या राउटरला जोडलेलाच नसेल.

नाव तेच, पत्ता वेगळा

चौथ्या कडीकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण पुष्कळ तक्रारींचे मूळ तिथे असते. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला अंकांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९२.१६८.१.२५ असे त्याचे रूप. चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ यांमधला. शाळा, घरे, कार्यालये यांच्या आतल्या जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे सारे पत्ते त्यांत येतात. म्हणून तेरच्या शाळेतील प्रिंटरचा आणि लातूरच्या एखाद्या दवाखान्यातील प्रिंटरचा पत्ता एकच असू शकतो. दोन गावांत 'मारुती गल्ली' असावी तसे. दोन्ही जाळी वेगळी असल्याने गोंधळ होत नाही.

हे पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. यंत्र सुरू झाले की ते राउटरकडे पत्ता मागते आणि राउटर मोकळा असलेला एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. ही मुदत काही तासांपासून काही दिवसांपर्यंत असते. म्हणजे पत्ता मालकीचा नसून भाड्याचा असतो! साधारणपणे यंत्र आपला जुनाच पत्ता पुन्हा मागते आणि तो मोकळा असला तर मिळतोही. पण शनिवारी-रविवारी प्रिंटर बंद राहिला, मधे वीज जाऊन राउटरची नोंद पुसली गेली, आणि सोमवारी सकाळी कोणा सरांच्या मोबाइलने तोच पत्ता घेतला, तर प्रिंटरला दुसरा पत्ता मिळतो. संगणकाला हे कोणी कळवत नाही. त्याच्या वहीत 'कार्यालयातील प्रिंटर' या नावापुढे जुनाच पत्ता लिहिलेला असतो. तो इमानेइतबारे पाने जुन्या पत्त्यावर पाठवत राहतो आणि उत्तर न आल्यामुळे 'ऑफलाइन' असे जाहीर करतो.

नाव शिल्लक आणि पत्ता हरवलेला, याचे एक मोठे उदाहरण तेरच्याच इतिहासात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाच्या फार मोठ्या नगराचा उल्लेख आहे. बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा त्याचा पत्ता दिला आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. नाव असे टिकले, पण जागा विस्मृतीत गेली. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी तगर दौलताबादला, जुन्नरला, धारूरला अशा निरनिराळ्या ठिकाणी शोधून पाहिले. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले. इतिहासकारांना जे करावे लागले तेच आपल्याला करायचे आहे: नावावर न थांबता आजचा पत्ता पुराव्यानिशी ठरवायचा.

मडके वाजवून पाहणे

पत्ता बरोबर आहे की नाही आणि त्या पत्त्यावर कोणी जागे आहे की नाही, हे कसे कळणार? तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. आख्यायिका अशी की संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. आख्यायिकेतला अध्यात्माचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातील परीक्षेची रीत कुंभाराच्या रोजच्या कामातली आहे. मडके फोडून न पाहता त्याला टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. पक्के मडके खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. आतले न उघडता बाहेरून हलका धक्का द्यायचा आणि परत येणाऱ्या उत्तरावरून आतली स्थिती ओळखायची, अशी ही युक्ती आहे.

जाळ्यातील टिचकीला 'पिंग' म्हणतात. माइक म्यूस या संगणकतज्ज्ञांनी अमेरिकेच्या सैन्यदलाच्या एका प्रयोगशाळेत काम करताना डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीतील सोनार यंत्र ध्वनीचा ठोका पाठवून प्रतिध्वनी ऐकते. त्या ठोक्याच्या आवाजावरून 'पिंग' हे नाव दिले. संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी उघडायची, इंग्रजी अक्षरांत पिंग हा शब्द आणि पुढे एक जागा सोडून प्रिंटरचा पत्ता टंकायचा. विंडोज संगणक चार टिचक्या मारतो आणि प्रत्येकीचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते दाखवतो.

इथे दोन ठिकाणी फसगत होऊ शकते. पहिली, उत्तर आले पण कोणाकडून? कधी कधी 'अमुक पत्त्याकडून उत्तर: यंत्रापर्यंत पोचता येत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. घाईत पहिला शब्द वाचून 'उत्तर आले' असे आपण समजतो. नीट पाहिले तर त्या ओळीतील पत्ता आपल्याच संगणकाचा किंवा राउटरचा असतो. दुसरी फसगत याहून चकवणारी. पिंगचे खरेखुरे उत्तर आले, पण ते प्रिंटरचा जुना पत्ता घेऊन बसलेल्या मोबाइलने दिले! म्हणून उत्तर आल्यावर तोच पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टंकून पाहावा. जाळ्याला जोडता येणाऱ्या बहुतेक प्रिंटरांत स्वतःचे एक माहितीपान असते. ते उघडले आणि त्यावर प्रिंटरचे नाव दिसले, तर दारात योग्य माणूस उभा आहे याची खात्री झाली. आणि उत्तर न आले तर? काही यंत्रे पिंगला उत्तर देऊ नये अशी मांडलेली असतात. म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नये, दुसरीने पडताळावे.

मधोमध तोडा

आता आठ कड्यांत दोष कसा शोधायचा ते पाहू. नेहमीची रीत म्हणजे सगळेच बंद करून पुन्हा चालू करणे. त्याने काम बऱ्याचदा होते हे खरे. पण का बिघडले होते ते कळत नाही, पुरावा पुसला जातो आणि आठवड्याने तेच दुखणे परत येते. दुसरी रीत एकेक कडी क्रमाने तपासण्याची. त्यात सात चाचण्या लागू शकतात. तिसरी रीत साखळीच्या मधोमध तपासण्याची. एका चाचणीने निम्म्या कड्या निर्दोष ठरतात, दुसरीने उरलेल्यांपैकी निम्म्या. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. तीन चाचण्यांत काम संपते. दोष एकच आहे हे मात्र यात गृहीत धरले आहे.

आरंभ फुकटच्या चाचणीने करावा. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून माहितीचा कागद छापायला सांगावे. त्यासाठी संगणक लागत नाही. कागद आला नाही, तर दोष आठव्या कडीत आहे, जाळे सुटले. कागद आला तर दुहेरी लाभ होतो: यंत्र धड आहे हे कळते आणि त्या कागदावर प्रिंटरचा आजचा पत्ताही छापलेला असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर दोष तिथेच हाती लागला. पत्ता मागूनही राउटरकडून उत्तर न मिळाल्यामुळे यंत्राने स्वतःच घेतलेला तो पत्ता आहे. प्रिंटर राउटरपर्यंत पोचलेलाच नाही.

यानंतर पहिली चाचणी: संगणकावरून त्या आजच्या पत्त्याला पिंग. योग्य उत्तर आले, तर पाचवी, सहावी, सातवी कडी शाबूत. दोष पहिल्या चारांत. मग दुसरी चाचणी: संगणकातील पोर्टमध्ये लिहिलेला पत्ता आणि कागदावरील पत्ता जुळवून पाहावा. जुळत नसेल तर चोर सापडला. पोर्टमध्ये नवा पत्ता लिहावा. जुळत असेल तर तिसरी चाचणी: रांग उघडून पाहावी. रांगेत सर्वांत पुढे एखादे जुने, अर्धवट राहिलेले पान अडून बसले असेल, तर मागची पन्नास प्रवेशपत्रे तिष्ठत राहतात. एसटीच्या दारात एकाची पेटी अडकली की मागचे सारे खोळंबतात, तसा हा प्रकार. ते पान रद्द करावे. तरीही हटत नसेल तर 'प्रिंट स्पूलर' ही संगणकातील सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी. त्याच खिडकीत 'प्रिंटर ऑफलाइन वापरा' अशा अर्थाच्या पर्यायावर चुकून खूण राहिली आहे का तेही पाहावे. रांग रिकामी असेल तर संगणकाच्या प्रिंटर विभागातून चाचणीपान छापावे. ते छापले गेले तर दोष फक्त पहिल्या कडीत, म्हणजे आपण वापरत असलेल्या कार्यक्रमात आहे. नाहीतर ड्रायव्हर पुन्हा बसवावा.

पहिल्या पिंगला उत्तर आले नाही, तर दुसरी चाचणी राउटरला पिंग करून घ्यावी. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटर बोलला तर पाचवी कडी सुटली, संशय प्रिंटरच्या जोडणीवर. राउटर बोलला नाही, तर दुसऱ्या संगणकावरून तीच चाचणी करावी. दुसरा पोचतो आणि पहिला पोचत नाही, तर दोष पहिल्या संगणकाच्या जोडणीत. दोघेही पोचत नाहीत, तर राउटरमध्ये.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. संगणक आणि प्रिंटर दोघेही राउटरशी बोलतात, पण एकमेकांशी बोलू शकत नाहीत, असेही घडते. दोघांच्या पत्त्यांतील पहिले तीन आकडे जुळवून पाहा. एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०, तर ते बहुधा दोन वेगळ्या जाळ्यांत आहेत. आकडे जुळत असूनही बोलणे होत नसेल तर दोघांपैकी एक यंत्र राउटरच्या 'पाहुण्यांसाठीच्या' वायफायला जोडले गेले आहे का ते तपासावे. पाहुण्यांना घरातल्यांशी बोलू द्यायचे नाही, असा तिथे नियम असतो. कडी शाबूत, पण नियम आड येतो!

भिंती, कपाटे आणि लहरी

संशय प्रिंटरच्या वायफायवर आला तर भौतिकशास्त्र मदतीला येते. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. २.४ साठी ती साडेबारा सेंटिमीटर आणि ५ साठी सहा सेंटिमीटर येते. जास्त वारंवारतेच्या लहरी भिंतीत अधिक क्षीण होतात. मराठवाड्यातील जुन्या इमारतींच्या दगडमातीच्या जाड भिंती, त्यातही पावसाळ्यात ओल धरलेल्या, या लहरींना बऱ्याच प्रमाणात अडवतात. धातू तर त्या परतच पाठवतो. म्हणून राउटर लोखंडी कपाटावर, कपाटामागे किंवा कपाटात ठेवू नये. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती एक चतुर्थांश होते.

अनेक स्वस्त प्रिंटरांना फक्त २.४ चीच पट्टी कळते. नवा राउटर बसवताना केवळ ५ ची पट्टी चालू ठेवली, तर मोबाइल सुरळीत चालतो आणि प्रिंटरला मात्र वायफाय दिसतच नाही. तसेच वायफायचे नाव किंवा पासवर्ड बदलला की तो प्रिंटरमध्येही बदलावा लागतो. आपण मोबाइलमध्ये बदलतो आणि कोपऱ्यातील प्रिंटरला विसरतो.

शक्य असेल तिथे प्रिंटर तारेनेच राउटरला जोडावा. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. शाळेच्या कार्यालयाला तेवढे अंतर क्वचितच लागते. भिंत, ओल, कपाट यांचा प्रश्नच उरत नाही.

पुन्हा घडू नये म्हणून

पत्ता बदलण्याच्या दुखण्यावर कायमचा उपाय आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक ओळखक्रमांक मिळालेला असतो. त्याला मॅक क्रमांक म्हणतात आणि तो प्रिंटरच्या माहितीच्या कागदावर छापलेला असतो. राउटरमध्ये 'या मॅक क्रमांकाच्या यंत्राला नेहमी हाच पत्ता द्यावा' अशी राखीव नोंद करता येते. रेल्वेच्या आरक्षणासारखेच हे. यानंतर वीज कितीही वेळा गेली तरी प्रिंटर त्याच पत्त्यावर भेटतो. राउटर बदलला तर मात्र ही नोंद नव्याने करावी लागते.

दुसरा उपाय पाच रुपयांच्या वहीचा. प्रिंटरचा आणि राउटरचा पत्ता, मॅक क्रमांक, कोणत्या तारखेला काय अडले, कोणती चाचणी केली, काय बदलले हे तीत लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच तपासावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रिंटर चालू झाला, तर कोणत्या बदलाने हे कळत नाही. प्रयोगशाळेत आपण मुलांना एका वेळी एकच चल बदलायला सांगतो, त्याचेच हे कार्यालयातील रूप आहे. वही कार्यालयातच राहू द्यावी. लिपिकांची बदली झाली तरी अनुभवाची बदली होता कामा नये.

वर्गात करून पाहा

१. आठ मुलांना ओळीत उभे करा. एकाला गुपचूप 'तुटलेली कडी' ठरवा; तो निरोप पुढे देणार नाही. ओळीबाहेरच्या मुलाने 'अमक्याने निरोप पुढे दिला का?' एवढाच प्रश्न विचारून तीन प्रश्नांत तुटलेली कडी शोधायची. मग सोळा, बत्तीस मुले घ्या. साठ मुलांच्या वर्गात किती प्रश्न लागतील? (सहा पुरतात.) दोन कड्या तुटलेल्या असतील तर रीत कुठे अडखळते ते मुलांनाच शोधू द्या.

२. शाळेत संगणक असेल तर राउटरला पिंग करून उत्तराचा वेळ नोंदवा. समजा, दहा मीटरवरील यंत्राचे उत्तर २ मिलिसेकंदांत आले. जाऊन-येऊन वीस मीटर कापायला प्रकाशवेगाने किती वेळ लागेल? सुमारे ६७ नॅनोसेकंद. म्हणजे मोजलेला वेळ त्याच्या जवळजवळ तीस हजार पट आहे. हा उरलेला वेळ कशात जातो? (प्रवासात नव्हे, यंत्रांनी निरोप घेणे, रांगेत ठेवणे, वाचणे आणि उत्तर लिहिणे यांत.)

३. संगणक जागचा न हलवता राउटर आधी उघड्यावर आणि मग लोखंडी कपाटात ठेवून प्रत्येकी वीस पिंग करा. किती उत्तरे हरवली आणि सरासरी वेळ किती आला याचे कोष्टक करा.

४. जवळच्या कुंभाराकडे जाऊन पक्के, कच्चे आणि तडा गेलेले मडके कसे वाजते ते ऐका. तड्यामुळे आवाज बद्द का होतो, याची चर्चा करा.

प्रवेशपत्रांचा दिवस उजाडण्यापूर्वी, निवांत असताना, ही साखळी एकदा आपल्या शाळेत तपासून ठेवावी. माहितीचा कागद छापावा, पत्ता वहीत उतरवावा आणि दोन-तीन विद्यार्थ्यांना पिंग करायला शिकवावे.